दालचिनी की तमालपत्र? पान चुरगळलं तर लवंगेचा वास येतोय!

रानभूल | ९ जून, सकाळी ८.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

अंगणात एक झाड आहे. सहा वर्षांपूर्वी रोप आणलं तेव्हा पिशवीवर 'तमालपत्र' अशी चिठ्ठी होती. आता साडेतीन-चार मीटर झालंय. बुंध्यापासूनच तीन-चार फांद्या फुटल्यात, त्यामुळे झाडापेक्षा मोठं झुडूपच वाटतं. पानं वर्षभर हिरवीगार. नवीन पालवी मात्र हिरवी नसतेच. आधी चक्क लाल, मग गुलाबीसर, मग पोपटी, असं करत पंधरा-वीस दिवसांनी ती मूळ रंगावर येते. पानाला देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा आहेत.

आता गोंधळ. काल एक पाहुणे आले, त्यांनी पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाले, "ही तर लवंग!" लवंग नाही हे मला कळतं, पण वास खरंच लवंगेचा आहे. त्यावर घरातल्यांनी फांदीची साल नखाने खरवडली, तर तिथे दालचिनीचा वास. मग माझ्याकडे सहा वर्षं आहे तरी काय?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गवतफुला | ९ जून, सकाळी ९.१५

आमच्याकडेही सेम टू सेम झाड आहे आणि आम्ही त्याला बिनदिक्कत तमालपत्र म्हणतो. वास कधी इतका बारकाईने घेतला नव्हता, आत्ता जाऊन घेतला. लवंगच! वाचतेय.

टिवल्याबावल्या | ९ जून, सकाळी ९.३२

पानात लवंग, सालीत दालचिनी, चिठ्ठीवर तमालपत्र. झाड नाही हो ते, मसाल्याचा डबा आहे. वेलदोडे कुठे लागतात तेही बघून ठेवा.

सालपटे | ९ जून, दुपारी १.०५

रानभूल, नव्वद टक्के ही खरी दालचिनी आहे. उरलेले दहा टक्के फोटो बघून.

या झाडाची गंमत अशी की एकाच झाडाच्या तीन भागांत तीन वेगवेगळी तेलं असतात. सालीच्या तेलात मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड, म्हणजे आपण ज्याला दालचिनीचा वास म्हणतो तो. पानांच्या तेलात मुख्य घटक युजेनॉल, आणि तेच लवंगेच्या तेलातही मुख्य असतं. त्यामुळे पाहुण्यांचं नाक अगदी बरोबर होतं, फक्त निष्कर्ष चुकला. टिवल्या, वेलदोडा नाही, पण कुठे खणताना मूळ उघडं पडलं तर त्याची साल जरा खरवडून बघा. तिथे कापूर सापडेल.

फोटो टाकताना एवढं करा: फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते दिसू दे. पानाची वरची आणि खालची बाजू. आणि शिरा नेमक्या कुठून फुटतात ते जवळून.

मधुघट | ९ जून, दुपारी २.२०

तमालपत्र म्हणजे बे लीफ ना? आणि बे लीफचं झाड युरोपातलं. मग ते दालचिनीच्या जवळचं कसं?

अभ्यासू मुंगी | ९ जून, दुपारी ३.४८

@मधुघट, हा भाषांतराने घातलेला घोळ आहे. बे लीफ म्हणजे लॉरस नोबिलिस, भूमध्य समुद्राच्या भोवतालचं झाड, ज्याच्या डहाळ्यांचे मुकुट ग्रीक-रोमन विजेत्यांना घालत. आपलं तमालपत्र म्हणजे सिनॅमोमम तमाला, हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडे पसरलेलं. दोन्ही एकाच कुळातली, लॉरेसी कुळातली. अ‍ॅव्होकॅडोही याच कुळातला. म्हणजे नातं आहे, पण चुलत घराण्यातलं.

ओळखणं फार सोपं आहे. वाळकं पान उजेडासमोर धरा. मधोमध एकच शीर आणि तिच्यापासून पिसासारख्या बाजूच्या बारीक शिरा निघत असतील तर ते लॉरस. तळापासूनच तीन लांब शिरा पानभर धावत असतील तर सिनॅमोमम. सहावीच्या मुलालाही जमेल.

सालपटेंशी मी ऐंशी टक्के सहमत. वीस टक्के का नाही, तर तमालपत्राच्या झाडांतही रासायनिक प्रकार असतात. काहींच्या पानात युजेनॉल भरपूर, काहींच्या पानात सिनॅमाल्डिहाइड. त्यामुळे 'लवंगेचा वास आला, म्हणजे दालचिनी' हे गणित पक्कं नाही. या प्रजातीत सुमारे २५० जाती मोजल्या जात, आणि त्यातल्या कित्येकींची पानं चुरगळली की काही ना काही छान वास येतोच. नाकावर भिस्त ठेवू नये.

सालपटे | ९ जून, संध्याकाळी ५.१०

मुंगीताई, मान्य. मी आयुष्यभर एकाच जातीच्या बागेत काम केलं, त्यामुळे माझं नाक एकाच जातीत मुरलेलं आहे. :)

निमूट | ९ जून, रात्री ९.००

जरा थांबा. २५० जाती एकाच 'प्रजातीत'? शाळेत आम्हाला स्पीशीज म्हणजे प्रजाती शिकवलं होतं.

अभ्यासू मुंगी | ९ जून, रात्री ९.४१

हे भांडण प्रत्येक धाग्यावर होतं. :) मी जीनससाठी प्रजाती आणि स्पीशीजसाठी जाती म्हणतेय. काही पुस्तकांत बरोबर उलट असतं. या धाग्यापुरतं माझं चालवून घ्या.

रानभूल | १० जून, सकाळी ७.५५

फोटो टाकले आहेत. पानं समोरासमोर आहेत, क्वचित एखादी जोडी किंचित वरखाली. पान जाड, चामड्यासारखं, वरून चकचकीत, खालून फिकट. आकार अंड्यासारखा, देठाकडे रुंद. माझ्या तळहातापेक्षा जरा लांब. तीन शिरा तळापासून, आणि कडेला अगदी बारीक अशा आणखी दोन दिसतात.

अभ्यासू मुंगी | १० जून, सकाळी १०.३०

मग मीही सालपटेंच्या पंगतीला येऊन बसते. रुंद, अंडाकृती, जाड पान, तीन ते पाच शिरा: सिनॅमोमम व्हेरम. तमालपत्राचं पान त्यामानाने अरुंद, भाल्यासारखं, पातळ आणि टोकाला लांब निमुळतं असतं. व्हेरम म्हणजे लॅटिनमध्ये 'खरी'. जुन्या पुस्तकांत हिचंच नाव झेलॅनिकम, म्हणजे सिलोनची. ती मूळची श्रीलंकेची.

एक शंका तरी राहतेच. पश्चिम घाटात हिच्या रानटी बहिणी आहेत, मलबाट्रम, सल्फुरेटम वगैरे. त्यांची रोपंही दालचिनी किंवा तमालपत्र म्हणून फिरतात. त्या नक्की वेगळ्या करायला फुलं आणि पानाखालची लव बघावी लागते. तुमच्या झाडाला फुलं आली की पुन्हा फोटो टाका.

मधुघट | १० जून, सकाळी ११.०२

मलबाट्रम हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय. रोमन लोकांच्या व्यापाराबद्दल वाचताना?

अभ्यासू मुंगी | १० जून, सकाळी ११.२०

हो, तेच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी वाटाड्यात 'मालाबाथ्रोन' येतं, भारतातून जहाजांवर चढणारी सुगंधी पानं. मूळ शब्द आपला तमालपत्रच. ग्रीकांना वाटलं 'त' हा त्यांच्या भाषेतल्या उपपदाचा भाग आहे, म्हणून त्यांनी तो गाळला आणि 'मालपत्र' उरलं, असं भाषातज्ज्ञ सांगतात. पुढे त्याच नावाने घाटातल्या झाडाचं बारसं झालं. आपल्याकडून गेलेला शब्द डोकं कापून परत आला.

टिवल्याबावल्या | १० जून, सकाळी ११.२४

आणि 'दालचिनी'त 'चिनी' कुठून आली? झाड तर सिलोनचं.

निमूट | १० जून, दुपारी १२.१५

फारसी दारचीनी. दार म्हणजे लाकूड, चीनी म्हणजे चीनचं. चीनमध्ये दुसरी जात आहे, कॅशिया. संस्कृतात नुसतं त्वच् म्हणत, म्हणजे साल. विषय संपला.

अरबी व्यापाऱ्यांनी तर माल कुठून येतो हे शतकानुशतकं कळूच दिलं नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इ. स. पू. पाचव्या शतकात लिहून ठेवलंय की मोठाले पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी उभ्या कड्यावर चिखलाने बांधतात. मग लोक खाली मांसाचे मोठमोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते उचलून घरट्यात नेतात, वजनाने घरटं कोसळतं आणि काड्या गोळा करायच्या. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने सरळ लिहिलं, की या गोष्टी भाव चढवायला रचल्या आहेत.

गवतफुला | १० जून, दुपारी १२.४०

मार्केटिंग तेव्हापासूनच जोरात होतं तर.

कापूसकोंडा | ११ जून, सकाळी १०.१०

मस्त चाललाय धागा. सालपटे म्हणाले मुळात कापूर असतो. मग कापराचं झाड वेगळं की हेच?

अभ्यासू मुंगी | ११ जून, दुपारी १२.००

वेगळं. चीन, तैवान आणि जपानचा दक्षिण भाग इकडचं. काल-परवापर्यंत तेही सिनॅमोममच होतं, सिनॅमोमम कॅम्फोरा. पण डीएनए तपासल्यावर लक्षात आलं की ही मंडळी एका घरातली नाहीत, म्हणून २०२२ मध्ये कॅम्फोरा ही जुनी प्रजाती पुन्हा जिवंत केली. अमेरिकेतल्या जाती त्याआधीच बाहेर काढून अयोइया नावाच्या प्रजातीत टाकल्या होत्या. तेव्हा २५० हा आकडाही आता जुना झालाय.

डोळ्यांनी फरक कळतो. कापराच्या झाडाची पानं एकाआड एक, पातळ, आणि फांदीच्या टोकावरची कळी खवल्यांनी झाकलेली. तीन शिरा असतात, पण जिथे बाजूच्या शिरा मधल्या शिरेला मिळतात त्या खोबणीत बारीक फुगवटा असतो. पान उलटं करून भिंगातून बघितलं तर तिथे एक छिद्र दिसतं. ती खोली आहे, आणि तिच्यात अगदी बारीक कोळीवर्गीय जीव राहतात, माइट. झाडाने स्वतःच बांधून दिलेली भाड्याची खोली. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा अर्धा तास भिंग सोडलं नव्हतं. झाडावर चढायची गरज नाही, खाली पडलेलं पानही चालतं. ते पडताना लाल झालेलं असतं.

निमूट | ११ जून, दुपारी १.३०

कापराचा इतिहास दालचिनीपेक्षा रंगतदार आहे. १८७० च्या सुमाराला अमेरिकेत हायट बंधूंनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड केलं. कंगवे, बाहुल्या, पुढे सिनेमाची फीत, सगळं त्यातलं. कापूर त्यात मऊपणा आणण्यासाठी. मागणी एवढी वाढली की जगातल्या कापराचा मोठा साठा ज्या तैवानात होता, तिथे जपानी सरकारने १८९९ मध्ये मक्तेदारी लागू केली. झाडं तोडून, लाकडाच्या ढलप्या करून, वाफेवर ऊर्ध्वपातन करत. पानं तोडून भागेना, अख्खं झाडच गेलं. डोंगरात त्यावरून रक्तपातही झाला.

नंतर टर्पेंटाइनपासून कापूर करता येऊ लागला आणि आज मिळणारा बहुतेक कापूर तसाच केलेला असतो.

अवांतर: टेबल टेनिसचे जुने सेल्युलॉइडचे चेंडू कुणाकडे असतील तर सुरीने कापून हुंगा. कापूर. २०१४ पासून स्पर्धांत प्लॅस्टिकचे आले, ते बिनवासाचे.

कापूसकोंडा | ११ जून, दुपारी १.५५

कापून बघितला!! खरंच!!! शाळेतला चेंडू जपून ठेवला होता, त्याचा बळी दिला.

आणि भीमसेनी कापूर म्हणजे?

अभ्यासू मुंगी | ११ जून, दुपारी २.३०

तो मुळात तिसऱ्याच झाडाचा. ड्रायोबॅलॅनॉप्स नावाचा, बोर्निओ-सुमात्राकडचा प्रचंड वृक्ष, कुळही वेगळं. त्याच्या खोडातल्या भेगांत स्फटिक साठतात. तो रासायनिकदृष्ट्या बोर्निऑल, कापराचा भाऊ पण कापूर नव्हे. आज त्या नावाखाली काय विकलं जातं हा वेगळा धागा होईल.

चांदणवेल | ११ जून, संध्याकाळी ७.१५

मी जपानात असताना नागासाकीच्या सान्नो देवळातली दोन कापराची झाडं पाहिली. अणुबॉम्ब पडला तिथून साधारण ८०० मीटरवर. १९४५ च्या ऑगस्टमध्ये फांद्या तुटून, जळून नुसते काळे बुंधे उरले होते. नंतर फुटली. आता वर बघितलं तर आभाळ दिसत नाही, इतकी दाट सावली. एका बुंध्याची पोकळी आहे, तिच्यात त्या दिवशी उडून आलेले दगड सापडले. बुंध्यावरची जुनी साल आणि नंतर वाढलेली, दोन्ही वेगळी ओळखू येतात.

कागोशिमाकडचं कामोचं झाड बघायचं राहिलं. त्याचा घेर २४ मीटरहून जास्त आहे, जपानातलं सगळ्यात मोठं झाड.

रानभूल | १२ जून, सकाळी ८.०५

बाप रे, मी एक रोप विचारलं आणि तुम्ही सगळ्यांनी जग फिरवून आणलंत. मनापासून धन्यवाद. आता व्यवहाराचा प्रश्न. दालचिनी आहे म्हटल्यावर साल कशी काढायची? कुणी स्वतः काढली आहे का?

गवतफुला | १२ जून, सकाळी ८.५०

सांगू का? मी काढली होती. लाज वाटते, पण सांगते, म्हणजे तुमचं झाड तरी वाचेल.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या झाडाचा मुख्य बुंधा मनगटाएवढा झाला होता. मी विचार केला, साल परत येईलच, नखं नाही का येत. सुरीने बुंध्याला वर एक गोल, खाली एक गोल अशी चीर दिली आणि मधली वीतभर साल उतरवायला घेतली. उन्हाळा होता, साल लाकडाला चिकटलेली, तुकडे-तुकडे निघाले. अर्धा दिवस गेला. वाळल्यावर जे हाती आलं ते जाड, काळपट आणि कडू. आणि झाड? महिनाभर काहीच झालं नाही. मला वाटलं, बघा, काही फरक पडला नाही. मग वरची पानं पिवळी पडायला लागली, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत वरचा भाग खडखडीत वाळला.

सालपटे | १२ जून, सकाळी १०.२०

गवतफुला, लाजू नका. हे सगळ्यात जास्त होणारं पाप आहे.

पानं जे अन्न तयार करतात ते सालीतूनच खाली मुळांकडे जातं. पूर्ण गोल साल काढली की तो रस्ता तुटला. पाणी लाकडातून वर जात राहतं म्हणून महिनाभर झाड हिरवं दिसतं, पण मुळं उपाशी मरतात. गुटी कलम बांधताना आपण हेच करतो की, फांदीची गोल साल काढतो, अन्न तिथे अडतं आणि वरच्या कडेला मुळ्या फुटतात. तिथे आपण फांदी पुढे कापून लावतो. तुम्ही अख्ख्या झाडाची गुटी बांधलीत आणि बांधून सोडून दिलीत.

उभ्या झाडाची साल काढायचीच नसते. पद्धत अशी:

झाडाला झाड होऊच द्यायचं नाही. दोन-तीन वर्षांचं झालं की जमिनीलगत छाटायचं. बुडातून पाच-सहा सरळ धुमारे येतात. ते अंगठ्याएवढे, साधारण दोन वर्षांचे झाले की तेच कापायचे. मूळ जिवंत, पुन्हा धुमारे. एकच खोड अशी कित्येक वर्षं पीक देत राहतं.

वेळ फार महत्त्वाची. पाऊस चांगला लागला आणि लाल पालवी हिरवी होऊन पिकली की साल लाकडावरून सुटते. परीक्षा अशी करायची की एका धुमाऱ्याला छोटी चीर देऊन सुरीचं टोक आत सरकवायचं. साल ओलसर सटकली तर काढा, चिकटून फाटली तर गप्प बसा आणि पंधरा दिवस थांबा.

कापलेल्या काठीची बाहेरची खरखरीत राखाडी साल आधी खरवडून टाकायची. तीच गवतफुलांना कडू लागली. मग पितळेच्या सळीने काठी दाबून घासायची, चांगली चकाकेपर्यंत. त्याने आतली साल लाकडापासून ढिली होते. लोखंड वापरू नका, साल काळी पडते. मग वर-खाली गोल चीर, दोन्ही बाजूंनी एकेक उभी चीर, आणि सुरीचं बोथट अंग आत घालून अलगद सोलायचं. दोन अर्ध्या नळ्या हातात येतात. एकीत एक बसवायची, पोकळीत बारीक तुकडे भरायचे आणि सावलीत वाळवायची. उन्हात नाही, उन्हात वेडीवाकडी होते. वाळताना ती आपोआप गुंडाळत जाते.

श्रीलंकेत या नळ्या ४२ इंची करतात. सर्वांत वरची प्रत अल्बा, तिची जाडी ६ मिलिमीटरपेक्षा कमी. आमच्याकडे एक बाई होत्या, त्या नळी बोटात फिरवून, न मोजता, ही सहाच्या आत की बाहेर ते सांगायच्या.

गवतफुला | १२ जून, सकाळी १०.४५

पितळेची सळी! माझ्याकडे होती की, पडद्याची. असो. मेलेला बुंधा नंतर कापून टाकला आणि त्या खोडातून सात धुमारे आलेत, तेच आता पुरुषभर उंच आहेत. तेव्हा पूर्ण हरले नाही. पण धागा तीन वर्षं उशिरा निघाला.

मधुघट | १३ जून, सकाळी ९.२५

बाजारातली जाड, कडक, दोन्ही बाजूंनी आत वळलेली दालचिनी म्हणजे कॅशिया ना? ती यकृताला वाईट म्हणतात, ते किती खरं? घरात मधुमेहासाठी रोज चमचाभर पूड घेणं सुरू आहे.

अभ्यासू मुंगी | १३ जून, सकाळी ११.४०

वळणाबद्दल बरोबर. खरी दालचिनी पातळ थरांची, एकात एक गुंडाळलेली, चुरा होणारी. कॅशिया एकच जाड थर, मोडायला हातोडी हवी. पूड झाली की मात्र डोळ्यांना काही कळत नाही.

प्रश्न सालीतल्या कुमारीन नावाच्या रसायनाचा आहे. खऱ्या दालचिनीत तो नगण्य, कॅशियात बराच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅशियाच्या पुडीत किलोला सरासरी ३ ग्रॅमच्या आसपास कुमारीन धरलं तर २ ग्रॅम पुडीतच मर्यादा गाठली जाते. चमचाभर म्हणजे त्याहून जास्तच. कधीमधी ओलांडलं म्हणून काही होत नाही, आणि सगळ्यांचं यकृत सारखं हळवंही नसतं. पण रोज, महिनोन्‌महिने, चमचाभर घेणार असाल तर डॉक्टरांना सांगूनच. मधुमेहाचं औषध म्हणून तर नकोच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं नाव कुमारीनशी जुळतं म्हणून लोक घाबरतात. ती औषधं त्याच घराण्यातली, पण साधं कुमारीन स्वतः रक्त पातळ करत नाही.

मधुघट | १३ जून, दुपारी १२.०५

धन्यवाद. पूड आज कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. वाद होणार आहे घरात.

रानभूल | २ ऑगस्ट, सकाळी ७.३०

धागा वर काढतेय. ठरवल्याप्रमाणे चारपैकी दोन फांद्या जमिनीलगत कापल्या. सालपटेंची परीक्षा केली, पहिल्यांदा साल चिकटलेली होती, दोन आठवडे थांबले, मग अशी सटकली की हातातून काठी निसटली. सहा नळ्या झाल्या. जाडी मोजायला पट्टी घेतली, अल्बा वगैरे विसरा, माझ्या अंगठ्याएवढ्या आहेत. पण वास! घरभर दोन दिवस.

नवीन अडचण म्हणजे उरलेल्या फांद्यांच्या कोवळ्या पानांवर अळ्या. काळ्या, अंगावर पिवळट पट्टे आणि लाल ठिपके. काडीने डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढतात. दुसरी एक हिरवी, गुळगुळीत, खांद्यावर पिवळी रेघ. फवारू का?

चांदणवेल | २ ऑगस्ट, सकाळी ८.०२

नको नको नको! फुलपाखरं आहेत ती. काळी-लाल म्हणजे कॉमन माईम, हिरवी म्हणजे ब्लूबॉटल. दोघींनाही याच कुळातली झाडं लागतात. मोठ्या झाडाला काही होत नाही, चार पानं खाऊन जातात. ती शिंगं म्हणजे घाबरवायचा आणि वास सोडायचा अवयव. हुंगून बघा, पण परत नाकाचा वाद सुरू होईल.

सालपटे | २ ऑगस्ट, सकाळी ९.१५

बागेत आम्ही फवारायचो, खोटं कशाला बोलू. रोपवाटिकेत त्या अळ्या रोप बोडकं करतात. पण घरच्या झाडाला राहू द्या.

पानांवर हिरव्या-पिवळ्या पुटकुळ्या असतील तर तो वेगळा प्रकार, बारीक किडींच्या गाठी. दिसायला वाईट, पण ती पानं काढून टाकली तरी पुरतं.

कापूसकोंडा | २ ऑगस्ट, सकाळी १०.३०

बी लावून रोप करता येतं का? आमच्या ओळखीच्यांच्या झाडाला काळी फळं धरलीत.

सालपटे | २ ऑगस्ट, सकाळी ११.१०

येतं, पण बी वाळवलं की मेलं. फळ काळं-जांभळं झालं की गर धुवून दोन-चार दिवसांत लावा, सावलीत. तीन आठवड्यांत उगवतं. पाखरं सोडतील तेवढीच फळं तुमची.

निमूट | २ ऑगस्ट, दुपारी १२.४५

पाखरांवरून आठवलं. सेशेल्समध्ये फ्रेंचांनी १७७२ मध्ये मसाल्यांची बाग केली, डचांची मक्तेदारी मोडायला. बाग काही टिकली नाही. पण दालचिनीची फळं पाखरांनी डोंगरभर नेली, आणि आज माहे बेटावरच्या जंगलात सगळ्यात जास्त दिसणारं झाड दालचिनीचं आहे. तिथल्या मूळच्या झाडांना तिने पार कोपऱ्यात ढकललंय. कापराच्या झाडाने ऑस्ट्रेलियात आणि फ्लोरिडात तेच केलं. म्हणून ओढ्याकाठी, जंगलालगत लावू नका.

अभ्यासू मुंगी | २ ऑगस्ट, दुपारी १.२०

फळं धरलीत तर फुलं बघायची राहिली याची हळहळ वाटली पाहिजे. फूल तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं, पिवळट, वासाला खास नाही, काहींना तर घाण वाटतो. पण ते दोनदा उमलतं. पहिल्यांदा उमलतं तेव्हा मादी, परागकण घ्यायला तयार, पण पुंकेसर बंद. मग मिटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उमलतं तेव्हा नर, पुंकेसरांच्या पिशव्यांची झाकणं वर उचलली जातात, अगदी खिडकीच्या झडपेसारखी. काही झाडं सकाळी मादी, काही दुपारी, त्यामुळे एका झाडाचे पराग दुसऱ्याला मिळतात. अ‍ॅव्होकॅडोचंही असंच. भिंग आणि दोन दिवसांची रजा पाहिजे.

टिवल्याबावल्या | २ ऑगस्ट, दुपारी १.२६

साहेबांना अर्जात काय कारण लिहू? 'दालचिनीच्या फुलाची वाट बघणे'?

रानभूल | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६.५०

फवारलं नाही. अळ्या मोठ्या झाल्या आणि एक दिवस दिसेनाशा झाल्या. मला वाटलं बुलबुलांनी खाल्ल्या.

आज संध्याकाळी झाडाखालचं साफ करत होते. मधल्या फांदीवर एक वाळकी, मोडकी काडी दिसली, बोटाच्या पेराएवढी, राखाडी-तपकिरी, वरचं टोक कुणीतरी तोडल्यासारखं खडबडीत. कात्री लावायला हात पुढे केला आणि काडी हलली.

कोष आहे तो. कॉमन माईमचा. चांदणवेल, फोटो टाकलाय, बघ. कात्री घरात ठेवून आले आहे आणि फांदीला दोरा बांधलाय, म्हणजे उद्या दुसरं कुणी तोडायला नको.

चांदणवेल | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ७.०५

माईमच! तोडलेल्या टोकाकडची बाजू म्हणजे तिचं डोकं. सकाळी लवकर उठ, त्या सकाळीच बाहेर येतात.